जुनं उकरून काय मिळतं?

अमेरिकेहून आलेल्या बाईला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला : काय काय पाहिलंस? धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला मी न्यूयॉर्कला राहून आले, तेव्हा भिशीतल्या मैत्रिणींनीही तोच विचारला. मी स्वातंत्र्यदेवीचा पुतळा सांगितला, टाइम्स स्क्वेअर सांगितला, आणि म्हटलं, एक दफनभूमी पाहिली, ती सगळ्यात जास्त लक्षात राहिली. ‘‘अगं बाई, एवढ्या लांब जाऊन स्मशान?’’ एकीनं तोंडावर हातच ठेवला. दुसरी नेहमी मुद्द्याचं बोलते. ती म्हणाली, ‘‘तिकडची गुलामगिरी संपून दीडशे वर्षं झाली. जुनं उकरून काय मिळतं?’’

प्रश्न बिनतोड वाटतो ना? वस्तीत काम करताना मीसुद्धा तो उठता-बसता ऐकते. कुणा सुनेनं मागचं काही बोलायला सुरुवात केली, की घरातली मंडळी म्हणतात, झालं गेलं सोडा. पण न्यूयॉर्कमध्ये खरोखरच उकरलं गेलं, कुदळ-फावड्यानं. म्हणून काय मिळालं तेच सांगते.

मॅनहॅटनच्या दक्षिण भागात, सिटी हॉलपासून चार पावलांवर, १९९१ मध्ये केंद्र सरकारच्या ३४ मजली इमारतीसाठी पाया खणायला घेतला. जुन्या नकाशांवर या जागी ‘निग्रोंची दफनभूमी’ अशी नोंद होती. पण दोनशे वर्षांच्या बांधकामात काही शिल्लक राहिलं नसेल, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. रस्त्याच्या पातळीपासून वीसेक फूट खाली गेल्यावर माणसांचे सांगाडे लागले. एक, दोन, दहा, शंभर. तरीही इमारतीचं काम रेटणं चालूच होतं. शहरातले कृष्णवर्णीय लोक रस्त्यावर उतरले, तिथं जागरणं केली, प्रार्थना केल्या. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर डेव्हिड डिंकिन्स त्यांच्या बाजूनं उभे राहिले. अखेर १९९२ मध्ये अमेरिकी संसदेनं त्या भागातलं खोदकाम थांबवायला लावलं. इमारतीचा आराखडा बदलला आणि काही जागा मोकळी ठेवली गेली. तोपर्यंत ४१९ जणांचे अवशेष वर आले होते. सगळी दफनभूमी साडेसहा एकरांची, आणि तिथं पंधरा हजार माणसं पुरली असावीत असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. बाकीची अजून तिथंच आहेत, रस्ते आणि इमारतींच्या खाली.

गुलाम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कापसाचे मळे येतात, दक्षिणेतले. मलाही तेवढंच ठाऊक होतं. न्यूयॉर्क आपल्या मनात स्वातंत्र्यदेवीचं शहर. पण डच लोकांनी १६२० च्या दशकातच इथं आफ्रिकन गुलाम आणले. ज्या तटाच्या भिंतीवरून वॉल स्ट्रीटला नाव पडलं, ती १६५३ ची भिंत बांधणाऱ्यांत हेच हात होते. पुढं १७११ मध्ये त्याच वॉल स्ट्रीटच्या टोकाला माणसांचा बाजार सुरू झाला आणि तो पन्नासेक वर्षं चालला. १७०३ च्या नोंदी पाहिल्या तर शहरातल्या दर शंभर घरांतल्या चाळीसेक घरांत गुलाम होते. म्हणजे हे मळ्यात दूर कुठं राबणारे लोक नव्हते. घरातले होते. पाणी भरणं, लाकडं फोडणं, धुणी, स्वयंपाक, मालकिणीचं मूल सांभाळणं. आपण रोज करतो तीच कामं. फक्त ‘माझं घर’ म्हणायची सोय नाही.

मेल्यावरही त्यांना जागा नव्हती. ट्रिनिटी चर्चनं १६९७ मध्ये आपल्या आवारात त्यांना पुरायला बंदी केली. मग वेशीबाहेरच्या या पडीक जमिनीत ते आपली माणसं ठेवू लागले. तिथंही कायदा आड आलाच. रात्री पुरायचं नाही. अंत्यविधीला बारापेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. आपल्याकडे तिरडीमागे चार माणसं कमी आली तरी घरच्यांच्या जिवाला लागतं. इथं मोजून बारा.

आता त्या मातीतून काय निघालं ते ऐका. वर आलेल्या सांगाड्यांत शंभरातले चाळीसहून जास्त लहान मुलांचे. पोषण नाही, आजारपण पाचवीला पुजलेलं, हे दातांवर आणि हाडांवर लिहिलेलं. मोठ्यांच्या हाडांवर स्नायू जिथं चिकटतात तिथं फाटल्याच्या खुणा, अति ओझ्यानं झालेल्या. आणि त्या पुरुषांइतक्याच बायकांच्याही. एका तरुण मुलीच्या बरगड्यांत बंदुकीची गोळी सापडली, चेहऱ्याचं हाड मोडलेलं. तिनं कुणाला नाही म्हटलं असेल, कोण जाणे.

एका प्रौढ बाईच्या कमरेभोवती मण्यांची माळ मिळाली. शंभराहून अधिक मणी आणि कवड्या. आपल्या आई तुळजाभवानीच्या माळेत असतात त्याच कवड्या! समुद्रापलीकडून बेड्या घालून आणलेल्या बायकांत ही एक, की इथंच जन्मलेली, सांगता येत नाही. पण जिचं स्वतःचं शरीरही स्वतःचं नव्हतं, तिच्या अंगावरची ती माळ तिच्या माणसांनी काढून घेतली नाही, विकली नाही. तिच्यासोबत मातीत ठेवली. गरिबाघरच्या मयताला नवं लुगडं नेसवायला बायका कशी धडपड करतात ते मी पाहिलेलं आहे, त्यामुळे मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

आणि एक आई. पंचविशी-तिशीतली. तिच्या हाताच्या कवेत तान्हं बाळ ठेवून दोघांना एकत्र पुरलेलं. त्याच सकाळी मी बहिणीच्या बाळाला तेल लावून न्हाऊ घालून आले होते. ती पाटी मला दुसऱ्यांदा वाचवली नाही.

आईवरून आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. न्यूयॉर्कच्या वसाहतीत १७०६ मध्ये कायदा झाला की मूल आईच्या दर्जाचं धरायचं. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणीही असो. मालक असला तरी. आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं सक्तीचं झालं, तेव्हा आम्ही महिला मंडळात पेढे वाटले होते. तिथं तीनशे वर्षांपूर्वी मुलाला आईच्या बाजूनं मोजलं, ते फुकटचा मजूर मिळावा म्हणून. १७९९ मध्ये कायदा सैल झाला, तोही कसा? त्यानंतर जन्मलेलं मूल स्वतंत्र खरं, पण मुलीनं पंचविसाव्या आणि मुलानं अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत आईच्या मालकाकडे राबायचं. पुरती सुटका व्हायला १८२७ उजाडलं.

म्हणून मैत्रिणीला माझं उत्तर असं, की उकरलं नसतं तर यातलं काही कळलंच नसतं. त्या माणसांनी लिहून ठेवलं नाही, त्यांना लिहू दिलं नाही. मालकांच्या हिशेबवह्यांत त्यांची किंमत आहे. त्यांची माया कुठं आहे? ती त्या कवड्यांत आणि त्या आईच्या कवेत मिळाली. ‘झालं गेलं’ म्हणून विषय मिटवायचा असेल तर ते म्हणायचा अधिकार ज्यांचं गेलं त्यांचा, असं माझं मत आहे. इथं तर ज्यांचं गेलं तेच उकरा म्हणत होते, आणि नीट, मानानं उकरा म्हणत होते.

तसं झालंही. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात मायकेल ब्लेकी यांच्या हाताखाली अवशेषांचा अभ्यास झाला. मग घानामध्ये कोरलेल्या लाकडी पेट्यांत ते ठेवून, वाटेतल्या शहरांत लोकांना दर्शन घेऊ देत, ऑक्टोबर २००३ मध्ये त्याच जागी परत पुरले. सात हिरवे उंचवटे आहेत, त्यांच्याखाली ते ४१९ जण. २००७ मध्ये स्मारक खुलं झालं. रॉडनी लिऑन यांनी ते रचलंय. काळसर ग्रॅनाइटची २४ फूट उंच, चिंचोळी खोली. आत शिरलं की जहाजाच्या तळात कोंडल्यासारखं होतं. पुढं गोल उतार खाली नेतो आणि पायाखाली जगाचा नकाशा येतो, पश्चिम आफ्रिका मधोमध.

समोरच्या रस्त्यापलीकडे इमिग्रेशनचं ऑफिस. ग्रीन कार्डाच्या कामासाठी बहीण-मेहुणे कागदांची फाइल छातीशी धरून तिथं येऊन गेले होते, पण हे स्मारक त्यांना माहीत नव्हतं. आपली बहुतेक मंडळी तशीच जातात-येतात. आणि गंमत बघा, महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली ती अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी गुलामांना मुक्त केलं म्हणून! बी. ए.ला हे परीक्षेपुरतं पाठ केलेलं, ते मला त्या काळ्या दगडापुढे आठवलं. आपल्याकडेही आफ्रिकेतून माणसं आणून विकली गेली. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर लहानपणी गुलाम म्हणून विकलेला, त्याची कबर खुलताबादला आहे. पोर्तुगीजांच्या गोव्यातही घराघरांत आफ्रिकन गुलाम होते. वजिराची कबर दाखवतात. त्या घरांत राबलेल्या बायांचं स्मारक मात्र मी तरी कुठं पाहिलेलं नाही.

मुलांकडे न्यूयॉर्कला जाणार असाल तर एक सकाळ यासाठी ठेवा. सिटी हॉलला सबवेनं उतरायचं, तिथून चालत. तिकीट नाही. शेजारच्या सरकारी इमारतीत तळमजल्यावर प्रदर्शन आहे, आत जाताना विमानतळासारखी पर्स तपासतात, त्यामुळे डबा-सुरी घरीच ठेवलेली बरी. प्रदर्शनात एका अंत्यविधीचा माणसाएवढ्या पुतळ्यांचा देखावा केलाय, दोन पेट्या, एक मोठी, एक लहान. नातवंडं मोठी असतील तर त्यांनाही न्या. ती विचारतील, सांगा.