गळतीची वर्दी

परतीचा पाऊस ओसरून हिरण्यकेशीचे पाणी निवळू लागले, म्हणजे गडहिंग्लज तालुक्यातील पाटबंधाऱ्यांच्या नोकरवर्गापुढे दोन कामे एकदमच येऊन उभी राहतात. नदीवरील कोल्हापुरी बंधाऱ्यांत बरगे घालावयाचे, हे एक. आणि नुकत्याच तुडुंब भरलेल्या तलावांच्या भिंती खालच्या अंगाने, पायथ्याशी चालत जाऊन पाहावयाच्या, हे दुसरे. पहिल्या कामाची वाट अवघा नदीकाठ पाहत असतो, त्यामुळे ते होते. दुसऱ्याची वाट कोणीच पाहत नाही, आणि म्हणून ते पुष्कळदा कचेरीत बसूनच, गेल्या साली भरलेला तक्ता समोर ठेवून उरकले जाते. या दोन कामांच्या नशिबात असा फरक का पडावा, याचा विचार करताना आम्हांस असे दिसून आले की, त्याचे कारण स्थापत्यशास्त्रात नाही. ते दप्तराच्या रीतीत आहे.

बंधाऱ्याची गळती ही चव्हाट्यावरची गोष्ट असते. दगडी खांबांच्या खाचांत बरगे एकावर एक बसवून, त्यांच्या दोन ओळींमधील पोकळीत चिकणमाती कितीही ठासली, तरी वाकलेल्या बरग्यामधून किंवा झिजलेल्या खाचेतून पाणी सुटतेच. पण ते सुटलेले पाणी काठावर मोटारपंप बसवलेल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या दृष्टीस पडते, त्याच्या उसाचे फेब्रुवारीतले पाणी त्यातून वजा होत असल्याचे त्याला कळते, आणि सायंकाळच्या आत शाखा अभियंत्याच्या दारात चार माणसे तक्रार घेऊन उभी राहतात. कोणी प्लॅस्टिकचा कागद आणतो, कोणी मातीच्या पाट्या टाकतो, आणि सरकारी हुकमाची वाट न पाहता गळती बव्हंशी थोपते. येथे पाहणारा, सांगणारा आणि ज्याचे नुकसान होणार तो, हे तिघे एकच असतात. बंधाऱ्याची सुरक्षितता या एकरूपतेवर जितकी अवलंबून असते, तितकी ती आमच्या कोणत्याही परिपत्रकावर नसते.

मातीच्या धरणाची गोष्ट याहून सर्वस्वी निराळी आहे. मातीची भिंत पाझरतेच. न पाझरणारी भिंत अद्याप कोणी बांधलेली नाही, आणि भिंतीच्या पोटात गाळणीचे थर व पायथ्याशी दगडी टाच आपण घालतो ती याच पाझराला सुखरूप वाट मिळावी म्हणून. तेव्हा पायथ्याशी पाणी दिसले एवढ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. ते पाणी स्वच्छ आहे काय, आणि जलाशयाची पातळी स्थिर असताना त्याचे प्रमाण स्थिर राहते काय, हे दोनच प्रश्न महत्त्वाचे असतात. पाणी गढूळ झाले याचा अर्थ ते भिंतीची माती घेऊन बाहेर येऊ लागले. आणि एकदा मातीचे कण सुटू लागले म्हणजे वाट रुंद होते, वाट रुंद झाली म्हणजे वेग वाढतो, आणि वाढलेला वेग आणखी माती ओढतो. या क्रमाला आरंभी कदाचित वर्षे लागतील, पण त्याचा शेवट घटकाभरात होतो. प्रवाह मोजण्याकरिता पायथ्याच्या चरात बसवलेल्या काटकोनी व्ही-नॉचवर पाण्याची उंची ५ सेंटिमीटर असता सेकंदाला सुमारे पाऊण लीटर पाणी जात असते. तीच उंची १० सेंटिमीटर झाली की ते साडेचार लीटरांच्या आसपास जाते. उंची दुप्पट आणि प्रवाह साडेपाच पटींहून अधिक, हे गणित ज्याच्या ध्यानात नाही, त्या मोजणीदाराला वहीतील पाचाचा दहा झालेला आकडा क्षुल्लक वाटण्याचा संभव असतो. भरल्या जलाशयाचा भिंतीवरील दाब सर्वांत जास्त असतो तो नेमका या दिवसांत; म्हणून पावसाळ्यानंतरची पाहणी हीच खरी परीक्षा होय.

परंतु ही गळती पाहतो कोण? धरणावरचा चौकीदार, गवत कापणारा मजूर, गुरे चारणारा पोरगा. ती ज्यांच्या जिवावर उठणार ते लोक कोसभर खाली, नदीच्या वळणापलीकडे झोपलेले असतात. आणि ती ज्यांनी थांबवावयाची ते अंमलदार तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी. बंधाऱ्यावर जी तीन नाती एका माणसाच्या ठायी एकवटलेली होती, ती येथे तीन ठिकाणी विखुरलेली आहेत, आणि त्यांना जोडणारा धागा एकच: वेळेवर दिलेली वर्दी. हा धागा तुटला म्हणजे काय होते, हे समजण्यासाठी आपल्याला दूर जावयास नको. शेजारच्या भुदरगड तालुक्यातील मेघोलीचा तलाव १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री फुटला. एका स्त्रीचा बळी गेला, गोठ्यातली जनावरे वाहून गेली, आणि ओढ्याकाठची पिके मातीसकट खरवडून निघाली. त्या तलावाच्या गळतीबद्दल गावकऱ्यांनी पूर्वीच तक्रारी केल्या होत्या. त्याआधी दोन वर्षे, २ जुलै २०१९ च्या रात्री, चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून भेंदवाडी वाहून गेली आणि वीसांच्या आसपास माणसे प्राणांस मुकली. तेथेही गळतीची ओरड आधीपासून होती, आणि डागडुजीही काही प्रमाणात झालेली होती. दोन्ही ठिकाणी पाणी अचानक आले ते झोपलेल्या माणसांपुरते. दप्तराच्या दृष्टीने ते अचानक नव्हते.

तिवऱ्याच्या दुर्घटनेनंतर त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी भिंत खेकड्यांनी पोखरल्याचा खुलासा केला, तेव्हा महाराष्ट्रभर हसे झाले. आमच्या व्यवसायबंधूंनी मात्र त्या हसण्यात सामील होण्यापूर्वी थोडे थांबावयास हवे होते. उंदीर, घुशी आणि खेकडे यांची बिळे हे मातीच्या धरणाच्या अंतर्गत धुपेचे मान्य कारण आहे, आणि बिळे आढळली काय व ती बुजवली काय, हा पाहणीतला नित्याचा प्रश्न आहे. म्हणजे खेकड्यांवर दोष ठेवणे हा बचाव नसून, पाहणी झाली नाही किंवा झालेल्या पाहणीवर कोणी काही केले नाही, याची ती अनवधानाने दिलेली कबुली होती.

एकाच शहराच्या जलखात्याच्या इतिहासात वर्दीचे दोन्ही परिणाम पाहावयास मिळावेत, असा विलक्षण योग अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या वाट्याला आला आहे. १२ मार्च १९२८ रोजी सकाळी सेंट फ्रान्सिस धरणाचा रखवालदार टोनी हार्निशफेगर याला पायथ्याशी नवी, गढूळ गळती दिसली. त्याने ताबडतोब वरिष्ठांना कळवले. त्या खात्याचे सर्वेसर्वा, नामांकित अभियंते विल्यम मुलहॉलंड स्वतः येऊन पाहून गेले. गढूळपणा जवळच्या नव्या रस्त्याच्या मातीचा आहे, धरण सुरक्षित आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला. आणि त्याच दिवशी मध्यरात्रीच्या किंचित आधी ते धरण कोसळून चारशेहून अधिक माणसे गेली. रखवालदारही त्यांतच गेला. चौकशीत मुलहॉलंड यांनी दोष स्वतःच्या माथी घेतला. पण पंचांनी काढलेला निष्कर्ष आम्हांस त्याहून मोलाचा वाटतो. मोठ्या धरणाचा निर्णय, माणूस कितीही थोर असला तरी, एकाच्या मतावर सोडू नये, असे त्यांनी सांगितले. पुढे १४ डिसेंबर १९६३ रोजी त्याच खात्याच्या बाल्डविन हिल्स जलाशयावरील रखवालदाराला सकाळी अकराच्या सुमारास पाण्याचा अनोळखी आवाज आला. या वेळी त्याच्या शब्दावर शेरा मारून कागद बाजूस सारला गेला नाही. जलाशय रिकामा करण्यास सुरुवात झाली, पोलिसांनी खालची वस्ती हलवली, आणि दुपारी पावणेचारच्या आत बांध फुटला तेव्हा घरे गेली, पण मृतांची संख्या पाचावर राहिली. दोन्ही रखवालदारांनी आपले काम सारख्याच निष्ठेने केले होते. फरक पडला तो त्यांचे ऐकणाऱ्यांत.

येथे आपण दुसऱ्या प्रकारच्या गळतीपाशी येतो: दप्तरातून बाहेर फुटणाऱ्या माहितीपाशी. हिच्याविषयी आमच्या खात्यांत जितकी दक्षता बाळगली जाते, तिच्या चौथाईने जरी भिंतीच्या गळतीविषयी बाळगली गेली असती तरी पुष्कळ अनर्थ टळले असते. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा परकीय अमदानीतला. १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम आपल्या अमदानीतले. आणि दोहोंच्या धाकाने कनिष्ठ नोकराच्या मनावर बिंबवले गेले ते हेच, की कागद बाहेर जाणे हा पाणी बाहेर जाण्यापेक्षा मोठा अपराध आहे. महाराष्ट्राने २००२ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, त्यापाठोपाठ २००५ साली केंद्राचा आला. त्या कायद्याने गुपितांच्या कायद्यावर स्वतःचे वर्चस्व स्पष्ट शब्दांत सांगितले, आणि मागितल्याशिवाय स्वतः होऊन माहिती जाहीर करण्याचे कर्तव्य प्रत्येक कचेरीवर घातले. तरी कारकुनाच्या मनातील १९२३ साल अद्याप सरलेले नाही.

आपल्याच व्यवसायातील त्याचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. २०१२ साली मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचन प्रकल्पांच्या कामांचा दर्जा, वाढत गेलेले खर्च आणि बंद पडलेल्या उपसा योजना यांविषयी मुख्यमंत्री व राज्यपाल यांस पत्र लिहिले. पत्र रीतसर मार्गाने गेले होते. ते काही महिने रीतसरच पडून राहिले. वृत्तपत्रांत ते प्रसिद्ध झाल्यावर मात्र त्या सप्टेंबरात उपमुख्यमंत्र्यांचा राजीनामा, नोव्हेंबरात श्वेतपत्रिका, आणि वर्ष सरता सरता माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी, असा क्रम झपाट्याने लागला. पत्रातील प्रत्येक विधान खरे की अतिरंजित, यावर आमच्या वाचकांत दोन मते असतील, आणि असावीत. परंतु जे रीतसर मार्गाने आले तेव्हा निपचित पडून राहिले, तेच छापून येताच सरकार हलले, ही गोष्ट निर्विवाद आहे. अशा वेळी कागद बाहेर कोणी दिला याचा शोध घेत बसणे, हे चूक ठिकाणी खोदकाम करणे होय. आतील दाब वाढत असता त्याला वाट का ठेवली नव्हती, हा शोध आधी घ्यावयास हवा.

याचा अर्थ दप्तराला गुपितच नसावे, असा कोणी घेऊ नये. निविदा उघडण्यापूर्वी ठेकेदारांचे दर बाहेर पडणे, भरतीची प्रश्नपत्रिका परीक्षेच्या आदल्या रात्री हातोहात फिरणे, भूसंपादनाची आखणी अधिसूचनेआधी जमिनीच्या दलालांना ठाऊक होणे, या गळत्यांनी सार्वजनिक हिताची माती वाहून जाते, आणि त्या करणाऱ्यास कडक शासन झालेच पाहिजे. आमची कसोटी साधी आहे. जी माहिती लपवल्याने सर्वांना समान संधी राहते ती योग्य मुदतीपर्यंत लपवावी. जी लपवल्याने कोणाच्या जिवाला धोका उत्पन्न होतो, ती लपवण्याचा अधिकार कोणत्याही हुद्द्याला नाही. धरणाच्या पाझराचा आकडा या दुसऱ्या वर्गात मोडतो. दूधगंगेवरील काळम्मावाडी धरणाच्या गळतीचे आकडे गेली काही वर्षे वृत्तपत्रांत लीटरांच्या हिशेबाने छापून येत आहेत. त्यामुळे जिल्ह्यात घबराट माजली नाही, उलट दुरुस्तीचा प्रश्न निकडीचा झाला. लोकांना आकडा पचतो. न पचणारी गोष्ट असते ती आकडा दडवल्याची बातमी.

धरण सुरक्षितता कायदा २०२१ च्या डिसेंबरात झाला आणि पावसाळ्यापूर्वीची व नंतरची पाहणी बंधनकारक झाली. तो १५ मीटरांहून उंच, आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांस लागू आहे. खेड्यापाड्यांतील पाझर तलाव आणि गावतळी बहुतांशी त्याच्या कक्षेबाहेर राहतात. म्हणून जे कायद्याने सांगितलेले नाही, ते आपल्या व्यवसायाने आपणहून करावे, अशी आमची सूचना आहे. पाझराची मोजणी दर आठवड्यास, जलाशयाची पातळी आणि पाऊस यांसह वहीत उतरावी, आणि पाण्याचा रंग हा त्या वहीत स्वतंत्र रकाना असावा. त्या पानाची प्रत खालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. पाणी गढूळ दिसल्याची वर्दी, मग ती गुराख्याने दिलेली का असेना, त्याच दिवशी लेखी नोंदवली जावी आणि तिची इत्तला तहसीलदार व पोलीस पाटील यांस टपालाची वाट न पाहता दिली जावी. ज्या अंमलदाराने धोका नाही असे ठरवले, त्याने ते मत कारणांसह, तारीख आणि सही घालून त्याच पानावर लिहावे. आणि दुसऱ्या अभियंत्याने स्वतः जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय ते मत अंतिम मानू नये.

यांतील एकाही सूचनेला नवी तरतूद किंवा नवे पद लागत नाही. लागेल ती एवढीच: आपल्या हाताखालच्या माणसाने आणलेली अप्रिय बातमी ऐकून घेण्याची आणि आपले मत सहीनिशी मांडण्याची तयारी. आणि ती वरून हुकूम येऊन उत्पन्न होणारी नव्हे. या हंगामात ज्या उपविभागांनी पाझराची पाने ग्रामपंचायतींत लावली असतील, त्यांनी आपला अनुभव, अडचणींसकट, आमच्याकडे धाडावा. तो येथे छापला जाईल. आणि एखाद्यास तसे करण्याबद्दल जाब विचारला गेला, तर तो जाबही छापला जाईल.