पोरखेळ म्हणे!

मंडळी, परवा एका आप्तांनी ऐकवलंच, "गुरुजी, या वयात आगगाडी-आगगाडी काय खेळता? नामस्मरण करा!"

म्हाताऱ्याने दिवसभर टीव्ही पाहिला तर ती विश्रांती, आणि पुठ्ठा कापून डबा केला तर पोरखेळ. हा कुठला न्याय?

माझी गाडी एचओ मापाची, म्हणजे १:८७. आपल्या ब्रॉडगेज रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. भागिले ८७, आले सुमारे १९.३. पण बाजारातला तयार रूळ १६.५ चा, कारण तो १४३५ मिलिमीटरच्या परदेशी रुळांवरून बेतलेला. त्यावर आपला डबा ठेवला की चाकं आत नि डबा बाहेर! बहुतेक जण एवढी तडजोड करतात. मी रूळच घरी घालायला घेतले. बोटं भाजली, पण नातू आता न सांगता भागाकार करतो.

तीस वर्षं मी फळ्यावर गुणोत्तर शिकवलं, कित्येकांना नापास केलं. त्यांतल्या एकाच्याही हाती पुठ्ठा आणि मोजपट्टी दिली नाही. नावं ठेवायचीच तर त्याला ठेवा. हा खेळ उशिरा सुरू झाला, एवढाच माझा गुन्हा!

असो. अजून सांधा बसवायचाय.