'ऑल अमेरिकन' आणि कानपूरचं भंगार

दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बरमध्ये बसून लोक उडतायत, अशा रील्स अधूनमधून आपल्याही ग्रुपवर येतात. अमेरिकेतलं कुठलं तरी छोटं विमानतळ, चार पंख्यांचं अवाढव्य विमान, खिडकीत मशीनगन, आणि ती धरून फोटो काढणारे आजोबा नि नातू. खाली आपल्या लोकांची कमेंट ठरलेली. "याला म्हणतात इतिहास जपणं. नाहीतर आपण!"

त्या "नाहीतर आपण" वर आज जरा सविस्तर बोलायचंय. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो.

आधी हा प्रकार काय आहे ते बघू. ही विमानं ऐंशी वर्षं जुनी. अमेरिकेच्या नियमांत अशा विमानात पैसे घेऊन माणसं बसवता येत नाहीत. पण तिथल्या विमान वाहतूक खात्याने काही संस्थांना खास सूट दिली, तिचं नाव 'लिव्हिंग हिस्टरी फ्लाइट एक्स्पिरियन्स'. म्हणजे जिवंत इतिहासाचा अनुभव. देणगी म्हणून पैसे भरा, अर्धा तास उडा, बॉम्ब ठेवायच्या जागेतून अरुंद फळीवरून चालत जा, पुढे नाकातल्या काचेत बसून खालची जमीन बघा. इंजिनाचा आवाज छातीत घुमतो, तेलाचा वास येतो, थंडी वाजते. पुस्तकातून हे कळत नाही, हे मलाही मान्य आहे. माझा राग हात लावू देण्यावर नाही.

या विमानांतलं एक बघा. बी-२४ लिबरेटर. युद्धात ही विमानं १८ हजारांहून जास्त बनली, आज जगभरात बोटावर मोजण्याइतकी उरलीत. त्यातलं एक अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशन नावाच्या संस्थेने १९८९ मध्ये पुन्हा उडवलं आणि गावोगाव फिरवलं. लोकांनी पैसे भरून त्यात बसून घेतलं. त्या विमानाला तेव्हा नाव काय दिलं होतं? 'ऑल अमेरिकन'.

आता या 'ऑल अमेरिकन'ची कुंडली. १९४४ मध्ये टेक्सासात बनलं, इथवर ठीक. मग ब्रिटिश वायुदलाकडे गेलं आणि युद्ध संपल्यावर आपल्या कानपूरला टाकून दिलं गेलं. एकटं नाही, तिथे लिबरेटरची रांगच्या रांग उभी होती. ही विमानं अमेरिकेने ब्रिटिशांना लेंड-लीज करारावर, म्हणजे एक प्रकारे उसनी दिली होती. काम झाल्यावर ती परत करा नाहीतर निकामी करा अशी अट. ब्रिटिशांनी दुसरा मार्ग धरला. इंजिनांत वाळू घातली, कुदळी मारून आतली यंत्रं फोडली, बुलडोझर घातले. जाताना घर सोडतो ते भाडेकरू नळ उपटून नेतात ना, तसं.

१९४८ साल. देश नुकता स्वतंत्र झालेला, काश्मिरात लढाई चालू, आणि आपल्याकडे एकही जड बॉम्बर नाही. तेव्हा बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टला, म्हणजे आजच्या एचएएलला विचारलं गेलं की या भंगारातून काही निघेल का. (हा कारखाना १९४० मध्ये उभा केला आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. युद्धात तिथे अमेरिकी विमानांची दुरुस्ती चालायची, त्यामुळे कामगारांचा हात बसलेला होता.) माणसं कानपूरला गेली. या विमानाचा पंखा, त्याचं चाक, तिसऱ्याचं इंजिन असं करत एकेक विमान फक्त उडण्यापुरतं उभं केलं. ते कानपूरहून बंगळुरूला उडवत न्यायचं आणि तिथे नीट दुरुस्त करायचं. हे उड्डाण करायचे जमशेद मुन्शी नावाचे एचएएलचे वैमानिक. धड नसलेल्या विमानात बसून निम्मा देश ओलांडायचा, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली विमानं वायुदलाला मिळाली आणि कानपूरलाच ५ नंबरचं स्क्वाड्रन उभं राहिलं. अशी तीस-चाळीस विमानं त्या ढिगाऱ्यातून बाहेर आली. १९५१ मध्ये पुण्यात ६ नंबरचं स्क्वाड्रन पुन्हा उभं केलं, त्यालाही लिबरेटरच मिळाली, समुद्रावर नजर ठेवायला. १९६८ पर्यंत आपण ती वापरली. बाकी जगाने तोवर कधीच मोडीत काढली होती.

म्हणून ती उरली. कॅनडाच्या संग्रहालयातलं, ब्रिटनच्या वायुदल संग्रहालयातलं, ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयातलं लिबरेटर, ही सगळी आपल्या वायुदलाकडून गेलेली. कॅनडाशी तर अदलाबदल झाली, त्यांनी एक लायसँडर विमान दिलं आणि आपण लिबरेटर. आणि ते 'ऑल अमेरिकन' भारतात अनेक वर्षं उभं राहून १९८० च्या दशकात इंग्लंडमार्गे अमेरिकेला पोचलं.

एक खुलासा करतो, नाहीतर कुणी तरी कमेंटमध्ये करेलच. ते नाव युद्धातल्या दुसऱ्या एका खऱ्या विमानाच्या आठवणीत दिलं होतं, आणि संस्था भारताचा इतिहास लपवत नाही. दोन-तीन वाक्यांत सांगते. पुढे नाव आणि रंग बदललेही. पण पैसे भरून आत चढणाऱ्या माणसाला मशीनगनमागे उभं करतात तेव्हा त्याला वीस-एकवीस वर्षांचा अमेरिकन सैनिक व्हायचं असतं. कानपूरच्या उन्हात दुसऱ्याच्या विमानाचे नट सोडवणारा मिस्त्री कुणाला व्हायचं नसतं. त्या विमानाने भारतात काढलेली वर्षं त्याच्या युद्धातल्या नोकरीपेक्षा कितीतरी जास्त. अनुभवात ती नाहीत.

तेव्हा "नाहीतर आपण" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ज्याच्यावर तुम्ही फिदा झालात ते विमान आपल्याच लोकांनी वाचवलंय.

आता दुसरी गोष्ट. बॉम्बर हे बॉम्ब टाकायचं यंत्र आहे. रीलमध्ये ते दिसत नाही. आज जगात फक्त दोन बी-२९ उडतात, 'फिफी' आणि 'डॉक', दोन्ही अमेरिकेत, आणि पैसे भरून त्यांतही बसता येतं. याच जातीच्या विमानांनी ९ मार्च १९४५ च्या रात्री टोकियो जाळलं. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं गेली. हिरोशिमा त्यानंतर पाच महिन्यांनी. नाकातल्या काचेतून खालची शेतं बघताना हे कुणी आठवून द्यायला नको का?

आणि यातही आपण आहोत. बी-२९ ने युद्धातली पहिली मोहीम केली ती भारतातून, ५ जून १९४४ ला, बँकॉकवर. खरगपूर, चाकुलिया, दुधकुंडी, पियारडोबा हे त्यांचे तळ. खरगपूरला मुख्यालय कुठे थाटलं होतं माहितीये? हिजलीच्या तुरुंगात. जिथे १९३१ मध्ये इंग्रजांनी राजबंद्यांवर गोळीबार करून दोघांना मारलं, तीच इमारत. पुढे तिथेच देशातली पहिली आयआयटी सुरू झाली. आणि ज्या बंगालात यातले बहुतेक तळ होते तिथे आदल्याच वर्षी, १९४३ मध्ये, दुष्काळ पडला. सुमारे तीस लाख माणसं मेली. जगातलं तेव्हाचं सगळ्यात महागडं विमान उडत होतं आणि खालचा मुलूख नुकता उपासमारीतून उठत होता. हा जिवंत इतिहास विकायला कुणी काढत नाही, कारण त्याचा फोटो छान येत नाही.

सगळेच असं करतात असं नाही. इंग्लंडमध्ये लिंकनशायरला ईस्ट कर्कबी नावाचं गाव आहे. तिथे पँटन नावाच्या दोन शेतकरी भावांनी एक लँकेस्टर बॉम्बर विकत घेतलं. त्यांचा थोरला भाऊ ख्रिस्तोफर मार्च १९४४ मध्ये न्यूरेंबर्गच्या हल्ल्यात मेला होता, त्याच्यासाठी. हे विमान हवेत नेत नाहीत. चारही इंजिनं चालू करून माणसांना आत बसवतात आणि जुन्या धावपट्टीवर जमिनीवरूनच फिरवतात. ब्रिटिश बॉम्बर कमांडचे ५५ हजारांवर वैमानिक-सैनिक त्या युद्धात मेले, त्यातल्या एकाच्या घरच्यांनी उभं केलेलं हे काम आहे. तिथून जवळच लिंकन शहरात बॉम्बर कमांडचं केंद्र आहे, तिथल्या संग्रहात वरून बॉम्ब टाकणाऱ्यांच्या आठवणी आहेत तशा खाली बॉम्ब झेललेल्यांच्याही आहेत. मला हे दोन्ही पटतात.

उडवण्याच्या हौसेचा हिशेबही सांगून टाकतो. २ ऑक्टोबर २०१९, कनेटिकटमधलं ब्रॅडली विमानतळ. त्याच कॉलिंग्ज संस्थेचं दुसरं विमान, बी-१७ 'नाइन-ओ-नाइन', साडेचारशे डॉलरच्या तिकिटावर दहा प्रवासी घेऊन उडालं. काही मिनिटांत इंजिनाने दगा दिला, परत उतरताना धावपट्टी गाठता आली नाही. सात जण गेले, दोन वैमानिक आणि पाच प्रवासी. चौकशीत वैमानिकाच्या चुकीबरोबर देखभालीतली ढिलाईही पुढे आली. २०२० मध्ये संस्थेची ती खास परवानगी काढून घेतली. याला जिवंत इतिहास म्हणायचं तर त्यात माणसं मरतात हेही जिवंतच आहे.

इथवर अमेरिकेला चार शब्द सुनावले, आता घरचं.

आपण काय केलं? विमानं वाटली, त्याबद्दल तक्रार नाही, एक दिल्लीला पालमच्या वायुदल संग्रहालयात ठेवलंही. पण त्यांना वाचवणाऱ्या मिस्त्र्यांची नावं कुणाला माहीत आहेत? वैमानिकाचं नाव निदान सापडतं. कुदळीने फोडलेली यंत्रं दुरुस्त करणारा, इंजिनातली वाळू धुणारा, पंखे जुळवणारा, यांना विचारून घ्यायला आपल्याकडे वीस-तीस वर्षं होती. आता त्यांतलं कुणी सांगायला उरलेलं नसेल.

आणि तीच चूक आपण आपल्या दारात पुन्हा करणार आहोत. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झालं. बॉम्बर नव्हे, लढाऊ विमान, पण बासष्ट वर्षं नोकरी केलेलं. आणि ते आपल्या ओझरला बनायचं. इंजिन कोरापुटहून यायचं, बाकी सांगाडा इथे. निफाड, पिंपळगाव, दिंडोरी, नाशिक, या पट्ट्यात अशी किती घरं आहेत जिथून सकाळी एचएएलच्या बसला डबा गेलाय! आता पुढे काय होतं ते आपल्याला पाठ आहे. निवृत्त विमान मिळावं म्हणून पत्र जाणार, विमान येणार, चौकात सिमेंटचा खांब उभा राहणार, त्यावर ते नाक वर करून बसवणार. उद्घाटन, फ्लेक्स, सेल्फी पॉइंट. भोवती लोखंडी कठडा आणि पाटी: हात लावू नये. दोन पावसाळ्यांत रंग उडणार, चाकाच्या खोबणीत पारवे घर करणार.

हे नको. विमान आपल्या भागात येणार असेल तर जमिनीवर, छपराखाली ठेवा. इंजिन-शस्त्रं काढलेलीच असतात, धोका काही नाही. शिडी लावा, पोरांना कॉकपिटमध्ये बसू द्या. शेजारी एक पॅनल उघडं ठेवा, आतल्या तारा नि नळ्या दिसू द्या. आणि शनिवार-रविवार तिथे ओझरचा एखादा निवृत्त फिटर खुर्ची टाकून बसवा, मानधन देऊन. त्याला हा रिव्हेट कसा मारायचा ते दाखवू दे. या विमानाने किती युद्धं जिंकली ते सांगा, आणि त्याच्या अपघातांत किती तरुण वैमानिक गेले तेही सांगा, त्यांच्या घरच्यांचा तो हक्क आहे. खर्च खांबापेक्षा फार जास्त होणार नाही. पण खांबाचं उद्घाटन होतं, फिटरच्या खुर्चीचं होत नाही, ही खरी अडचण आहे.

नगरपालिका किंवा आमदार साहेबांकडून असं पत्र गेलं असेल तर त्यात काय मागितलंय ते मी विचारणार आहे, माहिती अधिकारात विचारावं लागलं तरी. दुसरं काम तुमचं. तुमचे वडील, आजोबा, काका, शेजारी कुणी ओझरला मिग-२१ वर काम केलेलं असेल, फिटर, वेल्डर, इन्स्पेक्टर, स्टोअरमध्ये, कॅन्टीनमध्येसुद्धा, तर कमेंटमध्ये नंबर टाकू नका, मला मेसेज करा. मी रेकॉर्डर घेऊन घरी येतो. पहिल्यांदा सत्तरीच्या पुढच्यांकडे.