चोर सोडून कन्सोलला फाशी

आधी न आवडणारेच सांगून टाकतो. मुलाच्या हातातला मोबाइल सुटावा असे खरोखर वाटत असेल, तर घरात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, म्हणजे कन्सोल, आणावा. नवा परवडत नसेल तर जुना, वापरलेला आणावा, पण आणावा. आमच्या नगरमध्ये हे ज्यांच्यापुढे बोललो, त्यांतल्या बहुतेकांनी माझ्याकडे दारू सोडवायला ताडी सुचवणाऱ्या वैद्याकडे पाहावे तसे पाहिले.

त्यांची चीड समजते. गावेच्या गावे या प्रश्नाने वैतागली आहेत. आमच्या जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात सौंदाळा गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड ठरवला आणि ती बातमी देशभर गाजली. शाळकरी मुलांनी संध्याकाळी सात ते नऊ मोबाइलला हात लावायचा नाही, हे गावाने ठरवले त्याचा मात्र फारसा बोलबाला झाला नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद होतात. अशा ठरावांना माझा विरोध नाही. उलट गावाने एकत्र बसून वेळ ठरवणे मला आवडते. माझे भांडण आहे ते पारावरच्या निदानाशी. ‘गेमनी पोरं वाया घालवली’ म्हणतात. कुठल्या गेमनी? कशावर खेळायचे? ते बनवणाऱ्याचे पोट कशावर भरते? हे कोणी विचारत नाही.

पहिला आक्षेप व्यसनाचा, आणि त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा दाखला देतात. दाखला खरा आहे. संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे आणि ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. पण त्यातली अट वाचावी. खेळण्यावर ताबा उरत नाही, बाकी सगळ्यापुढे खेळ मोठा होतो, नुकसान दिसत असूनही माणूस थांबत नाही, आणि हे साधारण बारा महिने टिकते, तेव्हा तो आजार. दिवाळीच्या सुट्टीत चार हाका मारूनही जेवायला न उठणारे पोरगे त्यात बसत नाही. ते फक्त पोरगे आहे.

तरीही ताबा सुटणारी मुले आहेत, हे मी नाकारत नाही. मात्र तो ताबा सोडवून घेण्याची तजवीज कुठे केलेली असते ते पाहा. टीव्ही गेमची कॅसेट एकदा विकत घेतली की विकणाऱ्याचा आणि आपला संबंध संपला. पोरगे उद्या खेळले काय, न खेळले काय, त्याच्या गल्ल्याला फरक पडत नव्हता. मोबाइलवरच्या ‘फुकट’ गेमचे गणित उलटे. पोरगे उद्या परत आले नाही तर कंपनी उपाशी. म्हणून मग रोज हजेरी लावली की बक्षीस, ‘सीझन संपायला दोनच दिवस उरले’ असा धाक, आणि मित्राच्या खेळाडूच्या अंगावरचा नवा पोशाख आपल्याकडे नाही ही बोच. पोशाख डायमंडने, म्हणजे गेममधल्या चलनाने मिळतो, डायमंड टॉप-अपने आणि टॉप-अप बापाच्या खात्यातून. त्यातही काही पेट्या अशा, की उघडायचे पैसे आधी मोजायचे आणि आत काय निघेल ते नशीब. जत्रेत याला सोरट म्हणतात आणि पोलीस आले की ते गुंडाळून पळतात. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना सरळ जुगार ठरवले. आपल्याकडे मात्र पोरगे ‘गेम खेळतेय’.

बंदी घाला म्हणाल, तर तीही घालून झाली. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी मोबाइल बंद झाला तेव्हा आईबापांनी पाण्यात ठेवलेले देव बाहेर काढले. बंदीचे कारण मात्र त्यांच्या पोरांचा अभ्यास नव्हे. देशाची सुरक्षा आणि माहितीची चोरी या कारणाने बंद केलेल्या ११८ ॲपमधले ते एक. पोरे फ्री फायरकडे वळली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेही गेले, पण त्याचे भावंड फ्री फायर मॅक्स राहिले. पब्जीचा भारतीय अवतार २०२१ मध्ये आला, पुढच्या वर्षी गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन गेम बंद केले होते. दहा वर्षांनी त्यांनीच तो कायदा मोडीत काढला. कायदा संगणकावर पहारा देत बसला होता आणि मुले कधीच मोबाइलवर गेली होती.

आता रमी. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारी चित्रफीत आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जत-जामखेडचे आमदार रोहित पवार यांनी समाजमाध्यमावर टाकली. कोकाट्यांनी आरोप फेटाळला. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेले बंद करत होतो, असे त्यांचे म्हणणे. थोड्याच दिवसांत त्यांचे कृषिखाते गेले आणि हाती आले क्रीडा व युवक कल्याण. (या खातेबदलावर विनोद करायची गरज नाही, तो तयारच आहे.) खरेखोटे त्या दोघांचे त्यांनी पाहावे. मला खटकली ती चहाच्या टपरीवरची प्रतिक्रिया: ‘मंत्रीच गेम खेळतात म्हटल्यावर पोरांना काय बोलायचं?’ म्हणजे पैसे लावायची रमी, तीन पत्ती, क्रिकेटच्या संघावर लावलेले पैसे आणि मारिओ हे सगळे एकाच पिशवीत! ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्याने निदान ही पिशवी तरी निवडली. पैसे लावायचे खेळ वेगळे, करमणुकीचे वेगळे, ई-स्पोर्ट्स वेगळे. पहिल्याला बंदी, बाकीच्यांना उत्तेजन. पैशाचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. सरकारला कळलेला फरक घरातल्या कर्त्या माणसाला कळू नये?

दुसरा आक्षेप हिंसेचा. तो नगरच्या माणसाने घेतला की मला हसू येते. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र आमच्या शहराला लागून आहे आणि १९९४ पासून इथे रणगाड्यांचे संग्रहालय आहे. शाळांच्या सहली येतात, मुले तोफेच्या नळीपुढे उभी राहून फोटो काढतात, आणि यामुळे मुले हिंसक होतील असे एकही मुख्याध्यापक म्हणत नाही. त्याच मुलाने घरी येऊन ‘टँक’ लावला की मात्र संस्कार बुडाले.

हा टँक म्हणजे नामको या जपानी कंपनीचा १९८५ चा बॅटल सिटी. निन्टेन्डोच्या यंत्राच्या स्वस्त नकला आपल्याकडे घरोघर आल्या, त्यांच्या ‘९९९९ इन १’ कॅसेटमध्ये तो हमखास असायचा. (नऊ हजारांतले खरे गेम बोटांवर मोजण्याइतके, बाकी तेच पुन्हा, लबाडी तेव्हाही होती.) दोघांनी मिळून खेळायचा हा खेळ. पडद्याच्या तळाला विटांच्या आडोशात एक गरुड, तो राखायचा. वरून एका स्टेजला शत्रूचे वीस रणगाडे उतरणार. खरी गंमत पुढे आहे. आपली गोळी जोडीदाराला लागली तर तो मरत नाही, काही क्षण जागेवर अडकून पडतो, आणि नेमका तेव्हाच शत्रू येतो. आपल्याच गोळीने आपला गरुड फुटला तर डाव दोघांचाही संपतो. त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांतच वाटण्या व्हायच्या. तू वर जा, मी खाली राखतो. फावडं आलं की विटांचं पोलाद होतं, ते मला घेऊ दे. चांदणी तू घे, तुझा रणगाडा कच्चा आहे. शत्रूला मारण्यापेक्षा जोडीदाराला सांभाळण्यात जास्त वेळ जायचा, आणि भांडण झालेच तर शेजारी मांडी घालून बसलेल्या माणसाशी व्हायचे, तोंड न पाहिलेल्या परक्याशी नव्हे.

यावर कोणाला शास्त्राचाच आधार हवा असेल तर ऑक्सफर्डच्या अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि कार्डिफच्या नेट्टा वाइनस्टाइन यांनी २०१९ मध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला. मुलांना विचारले तसे त्यांच्या पालकांनाही विचारले. हिंसक गेम खेळणे आणि आक्रमक वागणे यांचा संबंध त्यांना आढळला नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांचा लाडका: ‘मैदानावर जा की!’ जावे, जरूर जावे. पण हे वाक्य कोणाला उद्देशून म्हटले जाते तेही पाहावे. मोकळ्या प्लॉटवर इमारती आल्या, एप्रिल-मेमध्ये दुपारी नगरच्या उन्हात कुत्रेसुद्धा बाहेर पडत नाही, हे सोडून द्या. आपल्याकडे गावात सहावी-सातवीनंतर मैदानावर मुली किती दिसतात? त्यांना मैदान सुचवणारा कोणी मला अजून भेटलेला नाही. त्यांना भाकरी सुचवतात. टीव्हीपुढे दोन रिमोट असले तर निदान एक तिच्या हातात येण्याची शक्यता असते. येतोच असे नाही, भावाला आधी हिसकावून घ्यायची सवय असते. पण ते भांडण तिला घरात तरी भांडता येते.

आता जरा आमच्याच पंगतीतल्यांकडे वळतो. गेमचे कैवारी जी बाजू मांडतात तीही बऱ्याचदा पोकळच असते. गेममुळे मेंदू तल्लख होतो, डोळा-हाताचा मेळ बसतो, पुढे ई-स्पोर्ट्समध्ये करिअर होते, वगैरे. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदके होती, हे खरे. त्यावरून आपल्या पोराचे दहावीचे वर्ष ठरवणे म्हणजे गल्लीतल्या क्रिकेटवरून बंगला बांधायला काढणे. ‘आमच्या वेळचे गेम कठीण होते, म्हणून चांगले’ हा दुसरा गैरसमज. पार्लरमधले गेम कठीण असत ते तुमचे चारित्र्य घडावे म्हणून नव्हे, पुढचे नाणे लवकर पडावे म्हणून. ज्याला आपण सगळे ‘मुस्तफा’ म्हणायचो, त्या कॅपकॉमच्या १९९३ च्या गेमने कित्येकांच्या खाऊचे पैसे असेच खाल्ले. घरच्या कॅसेटमध्ये खेळ साठवायची सोय नसे आणि लोडशेडिंगला स्टेजची पर्वा नसे. सातव्या स्टेजला लाइट गेली की पुन्हा पहिलीपासून. यात चिकाटी शिकलो म्हणणारे पुष्कळ आहेत. मला त्यात महावितरणखेरीज कोणी काही शिकवलेले आठवत नाही.

आणि शिकवलेच पाहिजे हा हट्ट तरी कशाला? सापशिडीचा पूर्वज असलेल्या मोक्षपटाचे श्रेय परंपरा ज्ञानेश्वरांना देते. त्याला पुरावा किती हा निराळा वाद, पण ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या नेवाशाच्या मुलखात ही कथा गोड वाटते. त्या पटावर शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे होते. पुढे ती नावे गळाली, नुसते साप आणि शिड्या उरल्या. पोरांनी त्यानंतरही तो तितक्याच आवडीने खेळला, कारण ९८ वर साप चावण्यातली मजा आयती पुरेशी होती. खेळाने आनंद दिला की त्याचे काम झाले.

राहता राहिला पैसा. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तो ४९,९९० रुपयांना. रक्कम मोठीच. पण ती दुकानात, बापाच्या डोळ्यांदेखत, एकदा मोजली जाते. शंभर-शंभरच्या टॉप-अपसारखी बँकेच्या संदेशातून उशिरा कळत नाही. जुन्या पिढीचे यंत्र घेतले तर त्याहून पुष्कळ कमी पैशांत भागते. माझे आणखी एक नावडते मत इथेच नोंदवतो: त्याच प्लेस्टेशनची डिस्कविना आवृत्ती तेव्हा दहा हजारांनी स्वस्त होती, ती घेऊ नये. डिस्क मित्राला देता येते, त्याची आणता येते, खेळून झाल्यावर निम्म्या किमतीला विकता येते. आपल्या मध्यमवर्गाने पुस्तकांची-मासिकांची अशीच देवाणघेवाण केली. डिस्कविना यंत्रात जे विकत घेतले ते त्या खात्यातच राहते, शेजारच्या पोराच्या हाती देता येत नाही.

आणि मग कळीचा प्रश्न: खेळायचे काय? एज ऑफ एम्पायर्सच्या दुसऱ्या भागात २०२२ पासून बाबर, राजेंद्र चोळ आणि देवपाल यांच्या मोहिमा आहेत. नगरची निजामशाही मात्र त्या मोहिमांत नाही. आमच्या नगरजवळ भातवडी आहे. १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही अशी दोन सैन्ये एकत्र चालून आली, तेव्हा निजामशाहीच्या मलिक अंबरने तलाव फोडून त्यांच्या तळाचा चिखल केला, रसद तोडली, रात्री छापे घातले आणि उपाशी शिपाई आपल्याकडे वळवले. शहाजीराजे त्या लढाईत होते. त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. मनुष्यबळ कमी आणि हाताशी पाणी, अंधार नि शत्रूची भूक: यापेक्षा चांगला डावपेचांचा गेम परदेशातला कोणी रचून देणार नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ बनवला आणि २०२० मध्ये तो आधी निन्टेन्डो स्विचवर आला, जे यंत्र भारतात अधिकृतपणे मिळतसुद्धा नव्हते. म्हणजे करणारे हात दोन-तीन तासांच्या अंतरावर आहेत. भातवडी उद्या कोणी मराठीत बनवली तर अंबर नायक का म्हणून वाद होईल, तो होऊ द्यावा, त्यानेच खप वाढेल. अडणार आहे ते दुकानात. आईबाप विचारतील, गेमला कशाला एवढे पैसे. आणि पोरे विचारतील, मोबाइलवर फुकट नाही का.