पन्हळीचा पाइप कुठे जातो?

शिरूर-दौंड पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर गेलो होतो. इमारतीच्या भिंतीवर हिरव्या ऑइलपेंटमध्ये ‘पर्जन्यजल पुनर्भरण प्रकल्प’ अशी ठसठशीत पाटी, खाली बाण. बाणाच्या दिशेने पाहिले, तर गच्चीवरून उतरलेला पाइप खड्ड्याच्या दीड फूट अलीकडेच संपला होता. खड्ड्यात गिट्टी-वाळूवर चहाचे कागदी कप. लॅब असिस्टंटना विचारले. ते जरा ओशाळून म्हणाले, “सर, फोटो काढला तेव्हा जोडलेला होता.”

महाविद्यालयाचे नाव सांगत नाही. हा अंक वाचणाऱ्या बऱ्याच प्राचार्यांना आणि आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता कक्ष) समन्वयकांना ते आपलेच आवार वाटेल.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात पाणी, ऊर्जा, कचरा, हरित लेखापरीक्षण हे सारे आले, ते चांगलेच झाले. त्याशिवाय किती संस्थांनी एलईडी लावले असते, कोण जाणे. पण निकषाला सोय दिसावी लागते, जिओ-टॅग फोटो लागतो. सोय चालू आहे का, हे फोटो सांगत नाही. आपण आवार हिरवे करतो ते समितीच्या भेटीपुरते, आणि तेही पुण्या-मुंबईच्या आवारांकडे बघून. शिरूर आणि दौंडचे हवामान त्यात कुठेच नसते.

हे तालुके पर्जन्यछायेतले. वर्षाला पाऊस साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही दोन-चार दणक्यांत. घोड आणि भीमेच्या काठाला, कालव्याखाली ऊस उभा दिसतो, म्हणून पाणी मुबलक आहे असे वाटते. कालव्यापासून वर सरकले की माळ सुरू होतो, आणि कितीतरी संस्था माळावरच आहेत, कारण जमीन तिथे मिळाली. खाली काळा पाषाण. त्याच्या भेगांत मावेल तेवढेच पाणी, आणि शेजारच्या शेतातली बोअर त्याच भेगेतून ओढते.

म्हणून माझे मत जरा वेगळे आहे: इथे पुनर्भरणाआधी साठवण करा. हिशेब सोपा आहे. हजार चौरस मीटर गच्ची, पाचशे मिलिमीटर पाऊस, वीस टक्के वाया गेला असे धरले तरी चार लाख लिटर हाती येते. दीड हजार मुलांना दिवसाला दोन लिटर पिण्याचे पाणी धरले, तर ते चार महिन्यांहून जास्त पुरते. हेच पाणी स्वच्छतागृहांना दिले तर काही दिवसांत संपेल. पहिला पाऊस वाहून जाऊ द्या, मग गाळून बंद टाकीत घ्या, तपासा आणि प्या. टाकी भरून वर राहील ते बोअरला द्या. त्यातले निम्मे शेजाऱ्याने ओढले तर ओढू दे, तो काही परका नाही.

सांडपाण्याबाबत तर आपल्याला धडा शोधायला लांब जायचेच नाही. पुणे शहराने वापरलेले पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात सोडले जाते आणि हवेली-दौंडच्या शेतीकडे येते. त्याच्या शुद्धतेवर शेतकऱ्यांच्या तक्रारी आहेत, त्या रास्तही आहेत. पण ज्या तालुक्यात पुण्याचे वापरलेले पाणी कालव्याने येते, तिथल्या वसतिगृहाचे अंघोळीचे पाणी कंपाउंडबाहेरच्या गटारात जाते आणि आवारातल्या लॉनला टँकर येतो. लॉन हवेच कशाला?

झाडांचेही तसेच. वृक्षारोपणाला दरवर्षी तेच खड्डे, तीच गुलमोहर-सप्तपर्णीची रोपे, अलीकडे कोनोकार्पस. दौंडच्या शिवेपलीकडे सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. एनएसएसच्या मुलांना एकदा तिथे न्या. चिंकारा झाडांच्या गर्दीत नाही, गवतात राहतो. आपल्या माळाचे मूळ रूप म्हणजे गवत, मधूनमधून बोर-बाभूळ-हिवर. आवाराचा एखादा एकर नुसता राखला, चराई आणि वणवा थांबवला, तर पवन्या, मारवेल, कुसळी आपोआप वर येतात. खर्च जवळजवळ शून्य. अडचण एकच: फोटोत ते ‘मोकळे रान’ दिसते. सावलीसाठी चिंच आणि कडुनिंब लावा. मोराची चिंचोली शिरूर तालुक्यातच आहे, आणि तिच्या नावात मोर आणि चिंच दोन्ही आहेत.

ही कामे मुलांच्या हातून होऊ शकतात का, असे कुणी विचारेल, तर उत्तर पाबळ गावात आहे. याच शिरूर तालुक्यात 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग संशोधनातली चांगली नोकरी सोडून आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. दुष्काळी गाव त्यांनी जाणूनबुजून निवडले. हाताने काम करता करता शिकायचे, एवढे साधे सूत्र. ऊर्जा-पर्यावरण हा तिथे भाषणाचा विषय नाही, कामाचा विभाग आहे. मुले वायरिंग करतात, बायोगॅस चालवतात, जमिनीचा विद्युतरोध मोजून पाणी शोधण्याचे काम त्यांनी केले, घुमटाकार घरे बांधली. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक 2002 च्या सुमारास तिथे आली. शाळा मध्येच सुटलेली मुले जे करतात, ते आपल्या बी.एस्सी.च्या मुलांना करू न देता आपण ठेकेदाराला बोलावतो.

नव्या शैक्षणिक धोरणाने फील्ड प्रोजेक्टचे श्रेयांक दिले आहेत. त्यासाठी मुलांना लांबच्या कंपनीत पाठवण्याआधी आवारातल्या मीटरकडे पाठवा. तीनशे जुने पंखे, प्रत्येकी पंचाहत्तर वॅट. कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा तीस वॅटच्या आसपास घेतो. दिवसाला सहा तास, वर्षाला दोनशे दिवस धरले तर सोळा हजारांवर युनिट वाचतात. गच्चीवर एवढी वीज करायला अकरा किलोवॅटचे पॅनेल लागेल. म्हणजे आधी पंखे बदलायचे, मग उरलेल्या गरजेचे सोलर मोजायचे. आपल्याकडे क्रम उलटा असतो, कारण पॅनेल रस्त्यावरून दिसते.

पुढच्या अंकात महाविद्यालयांकडून आलेला मजकूर छापायचा आहे. फोटो नकोत. एका वर्षाची बारा वीजबिले, बोअरच्या पातळीचे महिन्याचे आकडे आणि पन्हळीचा पाइप कुठे जातो याचे मुलांनी हाताने काढलेले चित्र पाठवा. पाइप अर्ध्यातच संपत असेल, तर तसाच काढा.