बोलण्यातील अवतरणचिन्हे

दुसऱ्याचे शब्द कागदावर अवतरणचिन्हांत ठेवता येतात. पण बोलताना काय करावे? इंग्रजी बोलणारे पुष्कळ लोक दोन्ही हातांची दोन-दोन बोटे हवेत वाकवितात. आपणांस त्या खटाटोपाची गरज नाही, असे मला वाटते. मराठी लेखनात विरामचिन्हे रूढ झाली ती १९ व्या शतकात, मेजर कँडी यांच्या प्रयत्नाने. बोलीत मात्र हे काम शब्दच करीत आले. ‘येतो म्हणून सांगून गेला’ यातील ‘म्हणून’ पाहा. बल्लारपुरात कानी पडणाऱ्या तेलुगूतील ‘अनि’ हा शब्दही ‘म्हणणे’ याच अर्थाच्या धातूचा आहे. आणि ‘म्हणे’ तर अनमोलच! मुलांनो, ‘वस्तीत वाघ शिरला म्हणे’ यातील तेवढा एक शब्द गाळा. ऐकीव वार्ता तत्काळ डोळ्यांदेखतची होते, आणि रानालगतच्या गावात घरोघरची दारे लागतात.