औषध सापडले, पण आणायचे कुठून?

सहाशे किलो स्पंज आणि त्यातून हाती आलेले संयुग अवघे १२.५ मिलिग्रॅम. हिराता आणि उएमुरा या रसायनशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये जपानच्या किनाऱ्यावरील ‘हॅलिकॉन्ड्रिया ओकाडाई’ या स्पंजातून ‘हॅलिकॉन्ड्रिन बी’ वेगळे केले, तेव्हाचा हा हिशेब. कर्करोगाच्या पेशींवर ते अत्यल्प मात्रेतही प्रभावी ठरले. पण रुग्णांवर चाचण्या घ्यायच्या तर ते ग्रॅमांनी लागणार. त्यासाठी समुद्रतळ खरवडायचा म्हटले, तर औषधाआधी स्पंजच संपायचा.

स्पंज जागचा हलत नाही. शत्रूला दूर ठेवण्यासाठी तो, आणि पुष्कळदा त्याच्या अंगात राहणारे सूक्ष्मजीव, विषारी रसायने तयार करतात. झाडांचेही तसेच. पेशींची वाढ रोखणारे हे विष नेमक्या मात्रेत औषध होते. रक्ताच्या कर्करोगावरचे सायटाराबिन याच वाटेने आले. १९५० च्या सुमारास बर्गमन यांना फ्लोरिडाजवळच्या स्पंजात जे रेणू सापडले, त्यांच्या धर्तीवर ते तयार झाले. तो रेणू लहान होता, प्रयोगशाळेत बनवता आला, म्हणून पुरवठ्याचा प्रश्नच उभा राहिला नाही.

हॅलिकॉन्ड्रिनचा रेणू मात्र अवाढव्य. हार्वर्ड विद्यापीठातील योशितो किशी यांनी १९९२ मध्ये तो कृत्रिमरीत्या जुळवून दाखवला. त्यातून कळलेली गोष्ट जास्त मोलाची ठरली: औषधी गुण रेणूच्या साधारण अर्ध्या भागातच आहे. तेवढाच भाग घेऊन ‘आयसाय’ या जपानी कंपनीने एरिब्युलिन बनवले. अमेरिकेत २०१० मध्ये त्याला पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. चाचणीत ७६२ स्त्रिया होत्या. एरिब्युलिन घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १३.१ महिने होते, इतर उपचार घेणाऱ्यांचे १०.६ महिने. अडीच महिने कुणाला थोडे वाटतील. आधीची अनेक औषधे निरुपयोगी ठरलेल्या रुग्णाच्या घरी ते थोडे नसतात.

हीच अडचण आपल्या डोंगरातही आहे. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी अमेरिकेत १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ मध्ये पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल शोधून त्यांची रचना उलगडली. टॅक्सॉलसाठी साल काढली की झाड मरायचे. पुढे युरोपातील यूच्या पानांतून मिळणाऱ्या संयुगापासून ते बनवता येऊ लागले. पाने पुन्हा येतात, त्यामुळे तो पेच बराचसा सुटला.

कॅम्प्टोथेसिनचे तसे झालेले नाही. आतड्याच्या कर्करोगावरील इरिनोटेकॅन आणि बीजांडकोशाच्या कर्करोगावरील टोपोटेकॅन त्यापासूनच बनतात. आणि ते भरपूर असते सह्याद्रीतल्या नरक्यात. कोल्हापूर, सिंधुदुर्गाच्या जंगलांत नरक्याची चोरटी तोड आणि वनखात्याने पकडलेला माल या बातम्या वाचकांना नव्या नाहीत. खोडा-मुळांत द्रव्य चांगले मिळते, म्हणून झाड मुळासकट उपटले जाते.

कॅम्प्टोथेसिन कृत्रिमरीत्या बनवता येत नाही असे नाही. १९७० च्या दशकातच ते जमले. पण झाडातून काढणे स्वस्त पडते. हा स्वस्तपणा हिशेबाच्या एका चुकीतून येतो. मजुरी आणि वाहतूक धरली जाते, जंगलातले झाड मात्र फुकटात धरले जाते. वनखात्याने नाकाबंदी वाढवून हा भाव बदलणार नाही. शेताच्या बांधावर लावलेल्या नरक्याला खात्रीचा, नोंद असलेला खरेदीदार मिळाला, तर बदलू शकेल. झाडाला वाढायला वर्षे लागतात, आणि तोवर शेतकऱ्याला कोण थांबवून धरणार, हा प्रश्न रसायनशास्त्रज्ञाचा नाही. एरिब्युलिनसाठी मात्र आज समुद्रातून एकही स्पंज काढावा लागत नाही.